प्यादं एक घर मागे असतं तर

आधी बुद्धिबळाचा पट डोळ्यांसमोर आणा. घरात पोरांचा प्लास्टिकचा पट असेल तर समोर मांडूनच घ्या. पांढऱ्याचा राजा सी४ वर, हत्ती सी८ वर आणि एकुलतं एक प्यादं सी३ वर. काळ्याचा राजा डी६ वर, हत्ती ए६ वर. बाकी सगळं रिकामं.

ज्यांना ही घरांची नावं नवीन आहेत त्यांच्यासाठी: पांढऱ्याच्या बाजूने बसलं की डावीकडून उभ्या ओळी ए, बी, सी अशा एचपर्यंत जातात आणि आडव्या ओळी आपल्यापासून १ ते ८. म्हणजे सी३ हे डावीकडून तिसरं आणि आपल्याकडून तिसरं घर. एवढं कळलं की पुढचा सगळा लेख कळेल.

पांढरे मोहरे माझे होते. काळे होते जिंतूरकडच्या एका निवृत्त एसटी कंडक्टर काकांचे. स्थळ परभणीतलं एक मंगल कार्यालय, एप्रिलचा शेवट, स्पर्धेची चौथी फेरी. कूलर चालू होते, म्हणजे नुसता आवाज होता. माझं एक प्यादं जास्त होतं. माझ्या मनात डाव जिंकून झाला होता आणि सेलूला परतायची गाडी कोणती मिळेल याचा हिशेब सुरू होता.

काकांनी हत्ती उचलला आणि सी६ वर ठेवला. शह.

मला हसू आवरेना. एक प्यादं कमी असताना माणूस आपला शेवटचा हत्ती स्वतःहून मारामारीला देतो? बुद्धिबळाच्या कुठल्याही शिबिरात पहिल्या आठवड्यात शिकवतात की पुढे असाल तर मोहरे कापा, म्हणजे एकास एक मारून कमी करा, आणि मागे असाल तर मोहरे राखा. काका नेमके उलटं करत होते. मी हत्तीने हत्ती मारला, त्यांनी राजाने माझा हत्ती मारला. मग मी चाल लिहून घेतली, पटाकडे पाहिलं आणि पोटात गोळा आला.

त्या क्षणी काय झालं, हे समजावून सांगण्यासाठीच हा लेख आहे. आमच्यासारख्या क्लबच्या दर्जाच्या खेळाडूंचे डाव बहुतेक अशाच जागी फसतात आणि फसल्याचं कळायला दोन चाली उशीर होतो.

क्लबचा दर्जा म्हणजे काय, तेही सांगतो. जागतिक संघटनेचं, म्हणजे फिडेचं रेटिंग (खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) १४०० पासून सुरू होतं. २०२४ च्या मार्चआधी ते १००० पासून होतं. ग्रँडमास्टर व्हायला इतर अटींसोबत २५०० गाठावे लागतात. आम्ही १४०० ते १८०० मधली मंडळी. ओपनिंगच्या सहा-सात चाली पाठ, घोड्याची दुहेरी मार दिसते, तीन चालीतली मातही बऱ्याचदा दिसते. आणि तरी आठवड्यातून एकदा वजीर फुकट देतो. आमच्याकडे ‘क्लब’ म्हणजे पाटी लावलेली इमारत असेल असं समजू नका. कुठे वाचनालयाची मागची खोली, कुठे शाळा सुटल्यावरचा वर्ग, कुठे चहाच्या टपरीमागचं बाकडं. सेलूत आमचा क्लब एका झेरॉक्सच्या दुकानात भरतो आणि गिऱ्हाईक आलं की माझ्यासमोरचा खेळाडू उठून प्रती काढायला जातो.

डावाची सुरुवात सांगण्यासारखी नाही, पण थोडक्यात सांगतो. राजापुढची प्यादी दोन-दोन घरं, मग घोडे, मग उंट सी४ आणि सी५ वर. ही इटालियन पद्धत, कित्येक शतकं जुनी. सहाव्या चालीला मी दुसरा उंट जी५ वर आणून त्यांच्या एफ६ वरच्या घोड्याला पिन केलं. पिन म्हणजे घोडा हलला की मागचा वजीर उघडा पडतो, त्यामुळे घोडा असून नसल्यासारखा. काकांनी लगेच एच६ करून उंटाला विचारलं, राहतोस की जातोस? मी घोडा मारला, त्यांनी वजिराने उंट मारला, मी घोडा डी५ वर उडवून वजिराला हाकललं आणि सोबत सी७ च्या प्याद्यावरही डोळा ठेवला. वजीर मुकाट्याने डी८ वर, म्हणजे स्वतःच्या घरी परतला. हे सगळं आम्ही दोघं पाठांतरावर खेळत होतो. विचार असा काही नव्हता.

प्यादं मिळालं ते मधल्या खेळात. ई५ वरच्या त्यांच्या प्याद्यावर माझे तीन मोहरे रोखलेले होते आणि राखायला त्यांचे दोनच. हा नुसता मोजणीचा मामला आहे: मारणारे जास्त की राखणारे? सोबत कोणता मोहरा आधी मारायला पाठवायचा तेही बघावं लागतं, नाहीतर प्याद्यासाठी हत्ती जायचा. काकांनी एक राखणदार आधीच दुसरीकडे नेला होता, म्हणून प्यादं मला मिळालं. त्यांनी जिभेने नुसतं ‘च्च’ केलं आणि पेन्सिल टेबलावर ठकठक आपटायला लागले. ती लय मला ओळखीची वाटली. जुन्या एसटीत कंडक्टर तिकिटाचा पंच असाच वाजवत यायचे. पंचांनी, म्हणजे स्पर्धेच्या पंचांनी, येऊन त्यांना गप्प केलं.

मग कापाकापी होत होत चाळिसाव्या चालीला पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि माझं ते एक प्यादं उरलं. तेव्हा ते सी२ वर होतं. सुरुवातीपासून हललंच नव्हतं.

आता घड्याळाचं बघा. प्रत्येकाला ६० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद वाढीव. साठ चालींचा डाव झाला तर प्रत्येकाला एकूण दीड तास मिळतो. ऐकायला भरपूर वाटतं. पण मी मधल्या खेळात प्यादं जिंकायच्या आनंदात वेळ उडवला होता आणि माझ्याकडे चार मिनिटं होती. वेळ कमी असला तरी चाल लिहायचं टळत नाही. ३० सेकंद वाढीव असतील तर शेवटच्या चालीपर्यंत लिहावंच लागतं. कार्बन लावलेल्या त्या कागदावरूनच मी आज हे सगळं सांगू शकतोय.

एकेचाळिसाव्या चालीला काकांचा हत्ती ए२ वर होता, आडव्या दुसऱ्या ओळीतून माझ्या सी२ च्या प्याद्याकडे रोखलेला. माझा राजा डी३ वर, प्याद्याला चिकटून, म्हणजे प्यादं राखलेलंच होतं. तरी मला ते डाचत होतं. मी प्यादं एक घर पुढे, सी३ वर ढकललं. ‘सेफ’ केलं. आमच्या झेरॉक्सवाल्या क्लबात अशा चालीला ‘घरात बसून केलेली चाल’ म्हणतात: काही बिघडत नाही अशी. पण प्यादं हा एकच मोहरा असा आहे ज्याला मागे येता येत नाही. हत्ती चुकला तर परत येईल, राजा चुकला तर परत येईल. प्याद्याची चाल म्हणजे फाडलेलं तिकीट.

आता मुद्द्याचं. हत्ती कापल्यावर पटावर काय उरलं ते पाहा. माझा राजा सी४, प्यादं सी३. त्यांचा राजा सी६. चाल माझी.

उन्हाळ्यात शेताच्या बांधावरून चालताना समोरून कोणी आलं तर काय होतं? बांध एका माणसापुरता. दोघंही थांबतात. जो आधी बाजूला सरकतो त्याच्या बाजूने दुसरा निघून जातो. बुद्धिबळात दोन राजे मध्ये एक घर सोडून समोरासमोर उभे राहिले की अगदी हेच होतं, कारण राजा राजाच्या शेजारी जाऊ शकत नाही. सी४ आणि सी६ वर राजे आहेत तर बी५, सी५, डी५ ही मधली तिन्ही घरं दोघांनाही बंद. यालाच ऑपोझिशन म्हणतात. ज्याची चाल नाही तो फायद्यात. ज्याची चाल आहे त्याला बाजूला सरकावं लागतं.

इथे एक गोष्ट बुद्धिबळ न खेळणाऱ्याला विचित्र वाटते. व्यवहारात आपण गप्प बसू शकतो. भाव पटला नाही तर कापूस घरात ठेवता येतो. पत्त्यांत पास म्हणता येतं. बुद्धिबळात पास नाही. पाळी आली की हलायचंच, हलल्याने नुकसान होत असलं तरी. डावात जवळपास पूर्ण वेळ ‘माझी चाल’ ही चांगली बातमी असते. फार थोड्या जागी ती वाईट बातमी होते आणि त्या जागा बहुतेक शेवटच्या खेळातच येतात.

माझ्यासाठी ती वाईट बातमी होती. राजा डी४ ला नेला तर काकांचा राजा डी६ ला येऊन परत समोर उभा. बी४ ला नेला तर बी६ ला उभा. प्यादं हलवावं तर समोर माझाच राजा.

आता तोच पट, फक्त प्यादं सी३ ऐवजी सी२ वर ठेवा. राजे तेच, चाल माझीच. मी प्यादं सी३ करतो. झालं! माझी पाळी मी प्याद्यावर खर्च केली, राजे जिथल्या तिथे आणि आता सरकायची सक्ती काकांवर. ते डी६ ला सरकले तर माझा राजा बी५ ला घुसतो. ते सी७ ला आले की मी सी५ ला, पुन्हा समोरासमोर आणि पुन्हा पाळी त्यांची. असं एकेक घर रेटत माझा राजा प्याद्याला आठव्या ओळीपर्यंत वाट करून देतो आणि प्याद्याचा वजीर होतो. म्हणजे मागे राहिलेलं प्यादं ही माझ्या खिशातली एक सुटी चाल होती. ती मी एकेचाळिसाव्या चालीला, गरज नसताना, खर्चून बसलो होतो.

ज्यांना इतकं मोजायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी एक सोपी खूण आहे. ती पाठ करा, कारण वेळ संपत आलेला असताना तीच कामाला येते. प्यादं पटाच्या स्वतःच्या अर्ध्यात असेल तर त्याच्या दोन ओळी पुढची तीन घरं बघायची: सरळ समोरचं आणि त्याच्या दोन्ही बाजूंची. त्या तिन्हींपैकी एकावर आपला राजा पोचला, की प्यादं वजीर होणार, मग चाल कोणाचीही असो. सी२ च्या प्याद्यासाठी ही घरं बी४, सी४, डी४. माझा राजा सी४ वर होता, म्हणजे डाव सरळ जिंकलेला. सी३ च्या प्याद्यासाठी मात्र तीच घरं एक ओळ पुढे सरकतात: बी५, सी५, डी५. माझा राजा तिथे नाही आणि काका जाऊही देत नाहीत. प्यादं पुढे ढकललं की आपण वजिराच्या जवळ जातो असं वाटतं. इथे तर ठरलेलं ठिकाणच एक ओळ लांब गेलं.

(ही खूण कडेच्या, म्हणजे ए आणि एच ओळीतल्या प्याद्यांना लागू नाही. तिथे समोरच्याचा राजा कोपऱ्यात जाऊन बसला की त्याला उठवता येत नाही. हे न सांगता पुढे गेलो तर कोणीतरी स्पर्धेत फसेल आणि मला शिव्या देईल.)

आता प्रश्न येतो: मग माझा हत्ती सी८ वर गेलाच कशाला? मला त्यात चूक दिसत नव्हती. काकांचा राजा डी६ वर होता. तो सी ओळीत, माझ्या प्याद्यासमोर, येऊ नये म्हणून मी हत्ती त्या ओळीत रोवला. हत्तीच्या शेवटात बचाव करणाऱ्याचा राजा प्याद्यासमोर आला की त्याला बरोबरी बहुतेक वेळा सापडते, तेव्हा त्याला बाजूला कोंडणं ही शहाणी कल्पना आहे. पण काकांनी त्याच ओळीत हत्ती आणून शह दिला. राजा हलवावा तर माझा हत्ती जातो. मारणं भाग होतं. मारल्यावर त्यांचा राजा नेमका सी६ वर आला, म्हणजे जिथे येऊ नये म्हणून मी एवढी खटपट केली होती तिथेच. शहाला काटशह म्हणतात तो असा. प्यादं सी२ वर असतं तर हाच शह त्यांचा आत्मघात ठरला असता. त्यांनी नुसतं पटाकडे पाहून ठरवलं नव्हतं, प्यादं कुठल्या घरात आहे ते पाहून ठरवलं होतं.

या चुकीला आम्हीच धनी आहोत असं नाही. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये जागतिक अजिंक्यपदाचा चौदावा, शेवटचा डाव. तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन याच्याकडे पांढरे मोहरे, भारताच्या गुकेशचं एक प्यादं जास्त, दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर नेला. हत्ती कापले गेले. मग गुकेशने उंट डी५ वर आणून समोर धरला. डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता, त्याला पळायला वाट नव्हती. उंटही कापले गेले. उरले राजे आणि प्यादी. डिंगने राजा ई३ ला आणला, गुकेशने ई५ ला. मध्ये एक घर, समोरासमोर, चाल डिंगची. त्याने तिथेच राजीनामा दिला आणि १८ वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. त्या रात्री कितीतरी लोकांनी मला विचारलं, ‘सर, अजून मोहरे होते की पटावर, हार का मानली?’ त्याचं उत्तर वर बांधावरच्या गोष्टीत आहे.

आमच्या डावाचं पुढे काय झालं ते लिहायला जरा लाज वाटते, पण लिहितो. पन्नाशी ओलांडली होती आणि माझा हट्ट सुटत नव्हता. राजा डी४, त्यांचा डी६. प्यादं सी४, त्यांचा राजा सी६. प्यादं सी५, त्यांचा राजा सी७. माझा राजा डी५, त्यांचा डी७. प्यादं सी६, शह, त्यांचा राजा सी७. माझा राजा सी५.

इथे शेवटचा सापळा होता. काकांना तीन घरं होती: बी८, सी८, डी८. यातलं एकच बरोबर. बी८ किंवा डी८ ला गेले तर माझा राजा त्यांच्या समोर येऊन उभा राहतो, चाल त्यांची, आणि मी जिंकतो. सरळ मागे, सी८ ला गेले तर मी कुठल्याही बाजूने आलो तरी तेच माझ्यासमोर येतात. मी श्वास रोखून बसलो. काकांनी राजाला बोट लावलं. हात लावला की तोच मोहरा हलवावा लागतो, पण इथे दुसरा मोहराच नव्हता. राजा बोटाखाली धरून ते क्षणभर थांबले आणि सरळ मागे सी८ ला ठेवला. मला वाटतं ते क्षणभर थांबणं मुद्दाम होतं. मी डी६, ते डी८. मी प्यादं सी७, शह, ते सी८. आता प्यादं राखायचं तर राजा सी६ लाच यायला हवा. आणला, आणि काळ्या राजाला हलायला जागा नाही. शहही नाही. अशी कोंडी म्हणजे स्टेलमेट, म्हणजे बरोबरी. दुसरीकडे सरकलो असतो तर प्यादं गेलं असतं, म्हणजे तरीही बरोबरीच.

‘सर, पाळी माझी हाय,’ काका म्हणाले, ‘पण जागाच न्हाई की हलायला.’

एकोणसाठ चाली, अर्धा अर्धा गुण. माझं रेटिंग त्यांच्यापेक्षा १५० ने जास्त होतं. इतक्या फरकात जास्त रेटिंगवाल्याकडून साधारण ०.७० गुणाची अपेक्षा धरतात. मिळाला ०.५०. फरक ०.२०, त्याला आमच्या गटाचा गुणक २०, म्हणजे माझे चार पॉइंट गेले आणि तेवढेच काकांना मिळाले, कारण त्यांचाही गुणक तोच. चार पॉइंट म्हणजे काहीच नाही हो, पण ‘एका प्याद्याने पुढे होतो’ हे वाक्य मी त्या दिवशी चार जणांना सांगितलं असेल. ज्यांना सांगितलं त्यांच्यातला एक तर सातवीतला पोरगा होता. त्याने विचारलं, ‘प्यादं सी२ वर का नाही ठेवलं?’

पाचव्या फेरीला तासभर होता. व्हरांड्यात कोणीतरी पट सोडून गेलं होतं. काकांनी दोन राजे मांडले आणि एक पांढरं प्यादं सी२ वर ठेवलं. चाल पांढऱ्याची. म्हणाले, ‘आता तुमी काळे घ्या.’

मी हरलो. परत मांडलं, मी जीव तोडून बचाव शोधला, पुन्हा हरलो. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, आता मला पांढरे द्या. त्यांनी पट फिरवला, प्यादं उचललं आणि सी३ वर ठेवलं.